मातीचे आकडे जुळवण्याचं काम: कृषी पदवीनंतर हा रस्ता धरावा का?

प्रश्न: माझी मुलगी परभणीला बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कृषी सेवा परीक्षेची तयारी करावी असं आम्हाला वाटतं. पण देशोदेशीच्या मातीची माहिती एकत्र करून पोर्टलवर आणण्याच्या कामात जायचं, असं ती म्हणते. हे शेतीचं काम की कॉम्प्युटरचं? आणि त्यात पोट भरतं का? – एक शेतकरी पालक, हिंगोली जिल्हा

उत्तर: नमस्कार. मुलगी म्हणते ते काम खरोखर आहे. मात्र त्या नावाची पदवी नाही आणि नोकरीची जाहिरातही सहसा त्या नावानं निघत नाही. त्यामुळे तुम्हाला ते हवेतलं वाटलं तर नवल नाही.

नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनला ‘इस्रिक’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. निरनिराळ्या देशांतल्या माती तपासणीच्या नोंदी जमवून, पारखून ती ‘वोसिस’ या साठ्यातून खुल्या करते. त्यांच्या आधारे ‘सॉइलग्रिड्स’ हे २५० मीटरच्या चौकटींचे, दोन मीटर खोलीपर्यंतचे जगाचे नकाशे तयार होतात. यात नकाशा काढण्याहून जड काम आकडे जुळवण्याचं, कारण मोजणीच्या रीती देशोदेशी वेगळ्या.

सेंद्रिय कर्बाचंच, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनचंच घ्या. आपल्या प्रयोगशाळांत तो रसायनांनी मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत चालते. तीत सगळ्या कर्बाचं ऑक्सिडीकरण होत नाही, म्हणून आलेल्या आकड्याला साधारण १.३ नं गुणतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी नमुना भट्टीत जाळून कर्ब मोजतात. त्या भट्टीत मराठवाड्यातली चुनखडीची माती घातली, तर चुनखडीतला कर्बही मोजला जातो. तो वजा करायचं राहिलं, तर जमीन आहे त्याहून कसदार दिसते. कणांचंही तसंच. ०.०३ मिलिमीटरचा कण अमेरिकी पद्धतीत पोयट्यात मोडतो; आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तोच वाळूत जातो. सामू (पीएच) पाण्यात काढला की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, यानंही आकडा हलतो. निव्वळ प्रोग्रामिंग शिकलेल्याला वेगळ्या पद्धतींचे असे दोन आकडे एकाच रकान्यात टाकताना काही खटकणार नाही. तुमच्या मुलीला खटकलं पाहिजे, तिची किंमत तिथेच आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: काम मातीचं, हत्यार कॉम्प्युटरचं.

हे जुळवणं किती अवघड, ते युरोपात दिसलं. २००७ च्या ‘इन्स्पायर’ निर्देशानं युरोपीय संघातल्या देशांना भौगोलिक माहिती सामायिक साच्यात द्यायला सांगितलं. त्यात मातीही आली. तरी २००९ मध्ये ‘लुकास’ सर्वेक्षणात सुमारे २०,००० ठिकाणची माती नव्यानं गोळा करून एकाच प्रयोगशाळेत तपासली गेली. आणखी एक अडचण म्हणजे मूळ नोंदी बाहेर द्यायला बरेच देश राजी नसतात. म्हणून जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०१७ चा सेंद्रिय कर्बाचा जागतिक नकाशा करताना देशांनाच आपापला नकाशा करायला लावला आणि मग ते जोडले. अशा कामात प्रशिक्षण देणारी, तडजोड घडवणारी माणसंही लागतात.

आता पोटापाण्याचं. वागेनिंगेन, अन्न व कृषी संघटनेचं रोममधलं मुख्यालय किंवा इटलीतल्याच इस्प्राचं युरोपीय संशोधन केंद्र इथल्या जागा मोजक्या असतात आणि बऱ्याच कराराच्या. फक्त त्यांच्यावर डोळा ठेवून बसू नये. आपल्याकडे नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. तिथल्या शास्त्रज्ञपदासाठी कृषी संशोधन सेवेची परीक्षा द्यावी लागते. पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. रिमोट सेन्सिंगची केंद्रं, पीकसल्ला देणाऱ्या आणि कर्ब मोजणीच्या कंपन्या यांनाही अशी माणसं लागतात. कंपन्यांचे पगार बरे असतात, शाश्वती कमी.

माझं मत विचाराल तर तिनं एमएस्सी मृदाशास्त्रातच करावं. त्याऐवजी डेटा सायन्सचा महागडा कोर्स लावू नका. नकाशांसाठी क्यूजीआयएस, आकडेमोडीसाठी आर आणि डेटाबेससाठी एसक्यूएल फुकट शिकता येतं; प्रयोगशाळेत घालवलेली दोन वर्षं नंतर मिळत नाहीत. प्रबंधाचा विषय निवडताना एकाच मातीवर दोन पद्धतींनी कर्ब मोजून तुलना करण्यासारखं काही घेतलं, तर पुढे परदेशी अर्जात ते बोलेल.

कृषी सेवेची परीक्षा सोडायची गरज नाही. एमएस्सी करतानाही ती देता येते, फक्त वयोमर्यादेचा हिशेब आत्ताच मांडा. आणि या सुट्टीत तिला एक करायला सांगा. वोसिसमधून भारतातल्या नोंदी उतरवून घ्यायच्या, शेजारी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले जुने अहवाल ठेवायचे आणि कोणता रकाना कशाशी जुळतो ते स्वतः लावून पाहायचं. दोन-तीन आठवडे यात रमली, तर तिला अडवू नका. कंटाळली, तर परीक्षेची पुस्तकं घरात आहेतच.