साध्या काठीला बाराही महिने चिलापी लागते का?

रील न घेता बांबूच्या काठीवर वर्षभर चिलापी (तिलापिया मासा) मिळेल का, की थंडीत काठी माळ्यावर टाकायची, असं विचारलंय तुम्ही. मिळते की. आमच्या दाजींना हे पटत नाय म्हणून एवढं लिहितोय.

मागच्या जानेवारीत दाजी नवा साडेतीन हजाराचा रील घेऊन आले, म्हणले थंडीत मासा मधल्या डोहात बसतो, तुझ्या काठीचं काम नाय. सांगलीजवळ कृष्णेवरच्या डिग्रजच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गेलो. दहा वाजेपर्यंत दोघांनाही काय नाय. मग ऊन काठाच्या खडकावर आलं तसा मी तिथं सरकलो, तंगूस (गळाची दोरी) आखडून गळ दोन फुटावर आणला, हरभऱ्याएवढी कणकेची गोळी लावली. तरंगायला शाळवाच्या ताटाचं भेंड, दुसरं काय नाय. थंडीत चिलापी भेंड खाली ओढत नाय, गोळी तोंडात धरून वर उचलते, त्यामुळं भेंड गपकन आडवं पडतं. दाजी म्हणले लाट आहे. मी झटका दिला, तळहाताएवढी चिलापी! तीन वाजेपर्यंत अकरा. दाजींचा गळ दोनदा दगडात अडकला तेवढंच. दाजींनी घरी जाऊन ताईला काय सांगितलं, तर म्हणे ह्यानं बाजारातनं आणलेत.

बरं, बाकीच्या ऋतूंचं. उन्हाळ्यात आठच्या आत नाहीतर दिवस कलल्यावर, सावलीला बसा. तेव्हा काठाच्या उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, ते नर करतो, मादी अंडी तोंडात घेऊन हिंडते आणि तेवढे दिवस जवळपास काय खात नाय, मग माणसं उगाच खाद्य बदलत बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात कणीक नको, गांडूळ लावा आणि नदी सोडून शेततळं गाठा. गळ बारीकच पाहिजे, तोंड लहान असतं तिचं. खोली बदलत राहायची, सगळी मेख तिथं आहे, रीलमध्ये नाय. (दाजी चिलापीला आपल्या कृष्णेचा मूळचा मासा म्हणतात. आफ्रिकेतली आहे, १९५२ साली भारतात आणली.)

ढगाळ दिवस असला तर मात्र थंडीतलं माझं वरचं गणित चुकतं, तेव्हा डोहच बरा, म्हणजे तेवढ्यापुरते दाजी बरोबर. आणि हे आधीच सांगायला पाहिजे होतं, भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत, थंडीत उन्हाला काठावर येतात. पाण्यात पाय सोडून बसू नका, मासे पिशवीत घालून पाण्यात तर अजिबात ठेवू नका. दाजी अजून पाय सोडून बसतात, ताईनं शंभरदा सांगून झालं.