‘कंपनीचा माणूस येतोय’ म्हणत गेलेली दोन वर्षं

पारनेर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. नांगर, ट्रॉली, रोटाव्हेटरची दुरुस्ती बांधावरच व्हावी आणि वीज गेली की घरही चालावं म्हणून त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याच्या बाजारातून १ लाख ३८ हजारांचा वेल्डिंग जनरेटर घेतला. २० जानेवारी २०२४ ला तो बंद पडला, जाता जाता घरातला फ्रिजही जाळून गेला. मार्चमध्ये विक्रेत्याच्या मेकॅनिकने एव्हीआर (व्होल्टेज आवरणारा भाग) बदलला, एप्रिलमध्ये मशीन पुन्हा बसलं. तेव्हापासून ‘कंपनीचा माणूस येतोय’ हे एकच वाक्य फोनवर ऐकू येतंय. आता काय करावं, असं ते विचारतात.

अशी पत्रं दर हंगामाला येतात. कधी मळणी यंत्र असतं, कधी पॉवर टिलर. यंत्र बदलतं, चूक तीच राहते.

मशीन सदोष होतं का, वॉरंटी किती होती, हे सगळं नंतर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. मी हे ५ डिसेंबर २०२५ ला लिहितोय. पहिला बिघाड धरला तर तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे उरलेत. एप्रिलच्या दुसऱ्या बिघाडापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो मान्य होईलही कदाचित. पण तुमच्या जागी मी असतो तर त्यावर विसंबलो नसतो.

फोनवरच्या आश्वासनांनी मुदत थांबत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही थांबत नाही. नोटीस म्हणजे दावा, हा गैरसमज गावोगाव आहे आणि त्यावर विक्रेत्यांचं छान चालतं. शिवाय समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तरी तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाने तो स्वतःहून पाहायचा असतो. जुन्या कायद्याखालीच सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. उशीर माफ करण्याची सोय आहे, पण ‘पुरेसं कारण’ दाखवावं लागतं. ‘तो येतो म्हणाला म्हणून थांबलो’ हे कारण मी अनेकदा मांडलेलं आहे. फार वेळा चाललेलं नाही.

तेव्हा नोटीस हवी तर पाठवा, पण उत्तराची वाट बघत बसू नका. तक्रारीसाठी पुण्याला जायची गरज नाही. या कायद्यात तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही जमतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. जानेवारीचा पहिला आठवडा ओलांडू नका.

आता बाकीचं, जिथे मी छातीठोक बोलणार नाही.

तुम्ही लिहिता की गावातला मेकॅनिक नऊ हजारांत रोटर रिवाइंड करून देतो. देऊ नका! मशीन उघडलं की दोष मूळचा होता हे सिद्ध करणं जवळपास संपलं. आयोग ते प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्या चाचणीची फी मात्र तक्रारदारालाच भरावी लागते. मशीन आहे तसं झाकून ठेवा आणि नंबर प्लेटसकट फोटो काढून ठेवा.

घरात जनरेटरची लाइट प्लगमधून सोडली, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. घराला महावितरणच्या लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच नाही! महावितरणचा माणूस खांबावर असताना काय झालं असतं याचा विचार करा. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर, विक्रेत्याला तुम्ही आयता बचाव दिलात. वर त्यावर तीन एचपीची मोटारही चालवली. मोटार सुरू होताना चालतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे ‘ओव्हरलोड’ हा शब्द त्यांच्या जबाबात येणारच. माहितीपत्रकावर ‘शेती व घर दोन्हींसाठी’ छापलंय ना? तो कागद जपून ठेवा, कारण तुमच्या बाजूचा सर्वात बोलका पुरावा तोच आहे. फ्रिजची भरपाई उत्पादन-दायित्वाखाली, म्हणजे सदोष मालाने केलेल्या नुकसानीच्या जबाबदारीखाली, वेगळी मागता येते, मात्र वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसान कायद्याने त्यातून वगळलंय. त्यामुळे तिथेही हा प्लग आडवा येऊ शकतो.

व्हॉट्सॲपचे मेसेज फोन बदलताना गेले म्हणता. मुलाच्या जुन्या फोनमध्ये असतील तर शोधा. ते दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

निकाल कधी? कायदा म्हणतो तीन महिने, चाचणी लागली तर पाच. हे वाचून मला दरवेळी हसू येतं. समोरच्याला जबाबासाठी तीस आणि जास्तीत जास्त आणखी पंधरा दिवस मिळतात. पण पुढच्या तारखांचा हिशेब वर्षांतच धरा.

शेवटचा धोका बिलाचा. ते भावाच्या कृषी सेवा केंद्राच्या जीएसटी क्रमांकावर आहे, आणि शेजाऱ्यांचं वेल्डिंगही पैसे घेऊन केलंत असं तुम्हीच लिहिलंय. व्यापारी वापरासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीचा वापर व्यापारी धरत नाहीत, आणि मुख्य हेतू काय होता हे न्यायालयं पाहतात. घरची शेती हाच हेतू होता, असं म्हणायला तुम्हाला जागा आहे. पण शेजाऱ्यांचं काम लपवू नका, उलटतपासात ते निघेलच. आणि भावाने या बिलावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं होतं का, हे त्याच्या हिशेबनिसाला याच आठवड्यात विचारा. घेतलं असेल तर खरेदी धंद्यासाठीच होती असं समोरचा म्हणेल, त्यामुळे तक्रारीचा मसुदा वेगळा लिहावा लागेल, आणि तो वकिलाकडूनच लिहून घ्या.