डावं पान कोरं ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरीला दीड वर्ष झालं, दिवस भराभर जातात आणि मागे पाहिलं तर हाताला काहीच लागत नाही, असं तू लिहिलं आहेस. जानेवारीत डायरी आणलीस, अकरा दिवस लिहिलंस आणि बाराव्या दिवशी थांबलीस. त्याला आळस म्हणू नकोस. छापील तारखांच्या डायरीत एक दिवस चुकला की कोरं पान डोळ्यांत खुपतं, तीन चुकले की ती उघडावीशीच वाटत नाही.

साधी दोनशे पानी वही घे. तारीख, वार, वेळ आणि ठिकाण आपल्या हाताने लिही. नोंद फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं ठेवायचं, ते कशासाठी हे पुढे सांगते. अशा शंभर नोंदी बसतात. आठवड्याला पाच धरल्या तर एक वही वीस आठवडे पुरते, आणि दोन दिवसांची सुट्टी आधीच हिशेबात धरलेली असल्यामुळे खाडा झाला तरी मन खट्टू होत नाही. वेळ दहा मिनिटं. तेवढ्यात शंभर-सव्वाशे शब्द होतात, ते पुरेत. अंथरुणात लिहू नकोस, पेंग येते आणि नोंद दोन ओळींवर येते. जेवण झाल्यावर, ओटा आवरायच्या आधी बस. मोबाइलवर लिहिलेलंही चालतं. अडचण एवढीच की त्यात मागचं उलगडून वाचणं होत नाही, आणि खरं काम तिथेच आहे.

आता काय लिहायचं. "आज कंटाळा आला. घरी आले. जेवले. झोपले." असं तुझ्या अकरा पानांत बरंच असणार. महिन्याने वाचलं तर यातून काही उगवत नाही, कारण ते कुठल्याही दिवसाला लागू पडतं. त्याऐवजी हे बघ: "साडेसहाची लोकल. चौथी सीट मिळाली, तरी उभीच राहिले. शेजारच्या बाईंच्या पिशवीतून मेथीचा वास आला आणि आईला पंधरा दिवसांत फोन केला नाही हे आठवलं." इथे दिवस सापडतो. दिवसातली एकच गोष्ट धर: डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली किंवा मनाला टोचलेली. कुणी काही बोललं असेल तर त्याच्याच शब्दांत उतरव. "छान", "वाईट", "स्ट्रेस" हे शब्द आले की थांब आणि नेमकं काय झालं ते लिही. शेवटी "कारण" या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य. ते चुकीचं निघालं तरी चालेल, पुढे दुरुस्त करता येतं.

या "कारण"चा माझा आग्रह उगाच नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांना आधीपेक्षा जड वाटत होतं, हेही ध्यानात ठेव. पुढे अशा लेखनातले शब्द तपासले तेव्हा दिसलं, की ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक "कारण", "उमगलं" या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला.

म्हणून रोज तेच गाऱ्हाणं त्याच शब्दांत येऊ लागलं तर सावध हो. ते उगाळणं झालं, आणि उगाळल्याने जखम ओलीच राहते. अशा वेळी तोच प्रसंग "मी" काढून, "ती" म्हणून लिहून बघ: ती गप्प का बसली? समोरच्याला काय दिसलं असेल? एका विषयाला चार दिवस दे, मग तो बाजूला ठेव. आणि दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष उडालेलंच राहिलं, तर वहीवर विसंबू नकोस. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आता डावं पान. रविवारी वीस मिनिटं काढ. त्या दिवशी नवीन काही लिहायचं नाही. आठवड्याच्या पाच नोंदी पेन्सिल घेऊन वाच आणि पुन्हा आलेली माणसं, जागा, शब्द यांखाली रेघ ओढ. आज जे वाटतं ते समोरच्या डाव्या पानावर, आजची तारीख घालून, एका ओळीत लिही. उजवीकडे खाडाखोड करू नकोस. त्या दिवशीची तू जशी होतीस तशी राहू दे. दर चौथ्या रविवारी सगळ्या रेघा मोज. कोण जास्त वेळा आलं? कुठल्या कामाच्या दिवशी अक्षर मोकळं आहे? आणि सर्वांत महत्त्वाचं: जे तू जिवाभावाचं म्हणतेस, पण महिन्याभरात ज्याचा एकदाही उल्लेख नाही, ते काय? या प्रश्नाला पुरेसा वेळ दे, दिवसाचा अर्थ बहुतेक वेळा इथेच हाती लागतो. मग डाव्या पानावर एकच कृती लिही, वार आणि वेळेसकट: "गुरुवारी रात्री नऊला आईला फोन." "नातं जपायचं" असा मोघम संकल्प नको, तो पाळला की नाही हे पुढच्या रविवारी तपासता येत नाही.

वही कुणाला दाखवू नकोस, मलासुद्धा. कुणी वाचणार आहे असं वाटलं की वाक्यं नटून येतात.

नवी वही आणायची घाई नाही. आधी जानेवारीची ती डायरी काढ आणि अकरा पानं पेन्सिल घेऊन वाच. त्यात दोनदा आलेलं एक तरी नाव निघेल. त्याच्याबद्दलची नोंद नव्या वहीच्या पहिल्या उजव्या पानावर लिही.

तुझी,
ताई