सनावळ्या नंतर, आधी चित्र

खानापूरहून रोज बेळगावला येऊन कलेचा इतिहास शिकतेस, फार बरं वाटलं. अभ्यास कसा करू, असं विचारलंस. घाबरू नकोस गं.

सनावळ्या पाठ करत बसणं ही पहिली चूक. मीही तेच केलं, आणि पेपरात चित्रच ओळखता आलं नाही. सध्या तीनच चित्रकार घे: मोने, व्हॅन गॉग, रविवर्मा. एकेका चित्रासमोर दहा मिनिटं बस. उजेड कुठून येतोय, नजर आधी कुठं जाते, ते वहीत लिही, पुस्तक त्यानंतर. मोनेचा १८७२चा सूर्योदय आणि व्हॅन गॉगची १८८९ची तारांकित रात्र शेजारी ठेव, कुंचल्याच्या फटकाऱ्यांतला फरक लगेच दिसेल.

दुसरी चूक, सगळं मोबाइलवरच बघणं. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहमान यांची चित्रं आहेत. एका रविवारी एसटी धरच.

वाद आणि पंथ, म्हणजे चित्रकारांचे विचारप्रवाह आणि गट, पुढच्या सेमिस्टरला बघू.