भाव भागिले वजन

प्रश्न : ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक गुहेतून निघताना ओझं ३००च्या मर्यादेवर जातं. मग पळता येत नाही, नकाशावरून थेट पोहोचवणारं फास्ट ट्रॅव्हलही बंद. काय उचलावं आणि काय सोडावं?

उत्तर : वस्तूवर थांबलात की तिचा भाव आणि वजन दिसतं. भावाला वजनाने भागा. सुरुवातीला उत्तर १०च्या खाली आलं तर ती वस्तू तिथेच राहू द्या. लोखंडी चिलखत भाव १२५, वजन ३०, म्हणजे जेमतेम ४. त्यातही इन्व्हेंटरीत (तुमच्या सामानाच्या यादीत) दिसतो तो मूळ भाव. स्पीच, म्हणजे घासाघीस करण्याचं कौशल्य, कमी असताना दुकानदार त्याच्या साधारण तिसरा हिस्साच देतो. एवढं ओझं वाहून हाती चाळीसेक नाणी! उलट गार्नेटचा खडा १०० भावाचा आणि वजन ०.१. नाणी, बाण, लॉकपिक (कुलूप उघडायच्या सळ्या) यांना वजनच नाही, ते डोळे मिटून उचला (सर्व्हायव्हल मोड या कठीण प्रकारात मात्र बाण आणि लॉकपिकही वजनात धरतात).

ड्रॅगनचं हाड वजन १५, भाव ५००. हिशेब चोख, पण व्हाइटरन शहरातल्या बेलेथोर या दुकानदाराकडे गल्ल्यात ७५०च नाणी असतात. चार हाडांत गल्ला जवळजवळ रिकामा, आणि तो भरायला खेळातले ४८ तास. म्हणून एकाच दुकानात सगळा माल ओतू नका.

हा भागाकार दोन ठिकाणी फसतो. एक, ड्वेमर या लुप्त जमातीचे धातूचे अवशेष. वाकडा ड्वेमर पत्रा वजन २, भाव १५, दिसायला भंगार. भट्टीत घातला की त्याचे ३ इनगॉट (धातूच्या विटा) होतात, प्रत्येकी भाव ३०. ‘सॉलिड ड्वेमर मेटल’ मात्र २५ वजनाचा आणि इनगॉट फक्त ५, तो सोडाच. कॉग आणि गिअर तर वितळतही नाहीत. नवखे खेळाडू नेमके तेच भरून आणतात. दुसरं, तुम्हाला न येणारं एन्चँटमेंट, म्हणजे वस्तूवरची जादू. वस्तू कितीही जड असो, एकदा घरी न्या आणि एन्चँटिंग टेबलावर मोडा. वस्तू नष्ट होते, विद्या राहते.

चोरलेला माल साधा दुकानदार घेत नाही. चोरलेलं खनिज वितळवलं किंवा चोरलेल्या वनस्पतींचं औषध केलं, तर चोरीचा शिक्का जातो.

प्रश्न : जास्तीचा माल गुहेतल्याच पिंपात ठेवला तर चालेल?

उत्तर : नाही. ठरावीक दिवसांनी जागा पुन्हा भरते आणि तुमचा माल गायब होतो. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम ५००० नाण्यांना मिळतं, तिथल्या पेट्या सुरक्षित आहेत. तोवर सॉलिट्यूडच्या वायव्येचा स्टीड स्टोन या जादुई शिळेचं वरदान घ्या, क्षमता १००ने वाढते. लेव्हल वाढताना स्टॅमिना निवडलात तर दर वेळी आणखी ५. सोबत्याची पिशवी भरली असली तरी वस्तू जमिनीवर टाकून ‘उचल’ असा हुकूम दिला की तो उचलतो.