एकच मुलगा, दोन अ‍ॅप

प्रश्न : मी २९ वर्षांची असून मुलुंडला राहते. दोन डेटिंग अ‍ॅपवर योगायोगाने एकाच मुलाशी गाठ पडली. टिंडरवर त्याने नुसते ‘हाय’ लिहिले आणि तो गप्प बसला. हिंजवर मात्र माझा राजमाचीचा फोटो पाहून पावसात ती वाट कितपत निसरडी होते, असे विचारले. मग त्याचा खरा स्वभाव कोणता समजायचा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : एवढ्यावरून स्वभाव ठरवू नये, कारण हा फरक बराचसा अ‍ॅपच्या पडद्याच्या मांडणीतून आलेला आहे. २०१२ साली आलेल्या टिंडरवर दोघांनी एकमेकांना पसंत केल्याशिवाय सहसा संदेश पाठवता येत नाही; त्यामुळे बायकांना अनोळखी पुरुषांच्या संदेशांच्या भडिमारापासून पुष्कळ दिलासा मिळाला, हे मान्य करायलाच हवे. परंतु पसंती कळवण्यासाठी बोट उजवीकडे सरकवायला काहीच लागत नसल्याने अनेक पुरुष सरसकट सगळ्यांना पसंत करतात आणि खरी निवड जोडी जुळल्यानंतर करतात. २०१५ साली टिंडरने फुकट पसंतींवर मर्यादा घातली, तरी ही सवय पुरती मोडलेली दिसत नाही. अशा ढिगातून जुळलेल्या व्यक्तीला काय लिहावे हे सुचत नाही, म्हणून ‘हाय’.

हिंजने २०१६ च्या सुमारास बोट सरकवणेच काढून टाकले. तिथे समोरच्याचा एखादा फोटो किंवा अ‍ॅपच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर निवडूनच पसंती कळवावी लागते आणि सोबत दोन शब्द लिहिता येतात. बोलण्याचा विषय आयताच हाती येतो. बंबल या तिसऱ्या अ‍ॅपने पहिला संदेश स्त्रीनेच २४ तासांत पाठवावा असा नियम केला, पण सुरुवात करण्याचे ओझे बायकांनाच वाटू लागल्यावर २०२४ मध्ये त्यांना आधीच एक प्रश्न ठेवून देण्याची सोय दिली.

किती अंतरापर्यंतची माणसे दाखवायची हे ठरवणाऱ्या अ‍ॅपमधल्या चाळणीचेही तसेच आहे. ती सरळ रेषेत मोजते, त्यामुळे कुलाब्यातल्या मुलीला बोरिवलीपेक्षा खाडीपलीकडचे उरण जवळ दिसते. लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या मुंबईकराला हे हास्यास्पदच वाटेल, तरीही त्या आकड्यावरून माणसे गाळली जातात.

तेव्हा निसरड्या वाटेच्या प्रश्नाचे श्रेय निम्मे हिंजला द्या. आपण उत्तर दिल्यावर, समोर फोटोचा आधार नसताना, तो पुढे काय विचारतो ते पाहा. आणि भेटायचे ठरलेच, तर मुलुंडपर्यंत यायची त्याची तयारी आहे का, तेही.