मिसळणाचा डबा आणि ७३ नंबरचं टोकन

या वेळी डिझाइनवरच पत्रं जास्त आलीत, त्यातली तीन घेते.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरला प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला इमोशनल डिझाइन शिकवलं, पण वर्गात सगळ्यांनी त्याचा अर्थ गुबगुबीत आकार, गोड रंग आणि पेमेंट झालं की स्क्रीनवर फुगे असाच घेतलाय. तुम्ही स्वतः काम करताना भावना म्हणजे नक्की काय धरता?

उत्तर: फुगे वाईट नसतात गं, पण ते अगदी शेवटी येतात. तू एक कर, घरातला मिसळणाचा डबा काढून समोर ठेव. डिझाइनवर पुस्तकं लिहिणारे डॉन नॉर्मन यांनी २००४ साली भावनेच्या ज्या तीन पातळ्या मांडल्या ना, त्या तिन्ही त्या डब्यात आहेत. दुकानात चकचकीत स्टील बघूनच तो आवडतो, ही पहिली. तेल तापलंय, एका हातात झाकण आहे आणि दुसरा हात न बघता बरोबर मोहरीच्या वाटीत जातो, कारण ती वाटी वर्षानुवर्षं त्याच जागी आहे, ही दुसरी. आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव न् लग्नाची तारीख असते, म्हणून कितीही पोचे आले तरी आई तो डबा मोडीत घालत नाही, ही तिसरी.

पण माझा स्वतःचा प्रश्न याच्याही आधीचा असतो. ही वस्तू वापरताना माणसाला स्वतःची लाज वाटली का?

हे मी कुठे शिकले ते सांगते. काही वर्षांपूर्वी बाबांना एका मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला नेलं होतं, त्यांना टोकन घेऊन बसवलं आणि मी जुने रिपोर्ट आणायला घरी गेले. परत आले तर बाबा तिथेच, हातात ७३ नंबरचं टोकन, घड्या घालून घालून त्याची पार चिंधी झालेली, आणि बोर्डावर लाल आकड्यात ९१. नंबर स्पीकरवरून इंग्रजीत एकदाच पुकारत होते, 'सेव्हन्टी थ्री, काउंटर फोर', की लगेच पुढचा. बाबा म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं." अगं, ज्या माणसाने ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, भरल्या गाडीत कुणाचं तिकीट राहिलंय हे ज्याला चेहऱ्यावरून कळायचं, तो माणूस म्हणतोय माझं लक्ष नव्हतं! उठून कुणाला विचारलंही नाही, कारण विचारायची लाज वाटली. मशीन चुकतं आणि माणूस स्वतःला दोष देतो हे नॉर्मन यांनी १९८८ मधेच लिहून ठेवलंय, मी ते कॉलेजात पाठही केलं होतं, पण ती चिंधी बघितली तेव्हा कुठे पोचलं. त्यानंतर मी ज्या ज्या टोकनच्या कामात होते तिथे नंबर मराठीतून, दोनदा आणि मधे श्वास घ्यायला वेळ देऊन पुकारायचा यासाठी भांडले आहे, पुढेही भांडणार.

आणि तू जयपूर फूटचा, म्हणजे पाय गमावलेल्यांसाठीच्या कृत्रिम पायाचा, नीट अभ्यास कर. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय बनवला. त्याआधी परदेशी धर्तीचा पाय मिळायचा, पण त्याला बूट लागायचा आणि उकिडवं बसता यायचं नाही, मांडी घालता यायची नाही. मग लोक तो पाय ठेवून द्यायचे आणि परत कुबड्या घ्यायचे. आता तू विचार कर, पंगतीत सगळे मांडी घालून बसलेत आणि एकटाच खुर्चीवर, देवळात सगळे अनवाणी आणि एकट्याच्याच पायात बूट, शेतात चिखल असला की घरीच थांबायचं. शर्मा आणि सेठींनी रबराचा, वाकणारा, माणसाच्या पायासारखाच दिसणारा पाय केला, तो घालून बुटाशिवाय चिखलातूनही चालता येतं. चार जणांत आपण वेगळे दिसतोय हे दुखणं त्यांनी चालण्याइतकंच खरं मानलं, मी भावना धरते ती हीच.

प्रश्न: मी डोंबिवलीची. सासूबाई ७१ वर्षांच्या, हिशोबाला एकदम पक्क्या, पण फोनवरून पैसे द्यायचे म्हटलं की हात मागे घेतात, "काहीतरी भलतंच दाबलं जाईल" म्हणतात. आम्ही सगळे सांगून थकलो की किती सोपं आहे. त्यांची भीती कशी घालवायची?

उत्तर: ताई, आधी 'सोपं आहे' हा शब्द घरातून काढून टाका. सोपं असून जमत नाही म्हणजे मीच ढ, असं त्यांच्या मनात होतं. आणि त्यांची भीती खोटी नाहीये, यूपीआयने पैसे एकदा गेले की 'परत घ्या' असं बटण त्यात नाही, ज्याला हिशोब कळतो त्याला हे बरोबर टोचतं. त्यांना फक्त दीड-दोन हजार रुपये असलेलं वेगळं खातं जोडून द्या, म्हणजे चुकलं तरी किती चुकेल हे त्यांना माहीत असेल. सुरुवातीला त्यांच्याकडून पैसे पाठवून घेऊ नका, तुम्ही त्यांना पाठवा, दहा-वीस रुपये, चार दिवस. एक गोष्ट मात्र पक्की सांगा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, घेण्यासाठी पिन टाका असं कुणी म्हटलं तर तो फसवतोय. मग नेहमीच्या भाजीवालीकडे न्या, जिच्याकडे रक्कम मोठ्याने मराठीत सांगणारा डबा आहे, तो बोलला की दोघींनाही एकदमच कळतं आणि मान वर करून "गेले का गं?" विचारावं लागत नाही. आणि फोन त्यांच्याच हातात राहू दे, कितीही वेळ लागला तरी हिसकावून घेऊ नका.

मागे एका कामात आम्ही पैसे पाठवायच्या स्क्रीनवर आकड्याखाली चेकवर लिहितो तशी अक्षरी रक्कम घातली होती. चाचणीला आलेल्या एका आजोबांनी 'अक्षरी रुपये एक हजार शंभर' हे मोठ्याने वाचलं, मान हलवली आणि मग बटण दाबलं. त्या एका ओळीसाठी प्रोग्रामरशी दोन दिवस वाद झाला होता, पण आजोबांची मान हलली आणि तो गप्प झाला.

प्रश्न: पुण्यात कंपनीत डिझायनर आहे. लोकांना भेटून काम करूया म्हटलं की साहेब म्हणतात वेळ नाही, आणि भावना मोजता येतात का? काय उत्तर देऊ?

उत्तर: त्यांना डग डिट्झ यांची गोष्ट सांग. ते जीई कंपनीत स्कॅनिंगची मशीनं डिझाइन करायचे. एकदा स्वतःचं मशीन बघायला हॉस्पिटलात गेले तर एक छोटी मुलगी त्या मशीनला घाबरून रडत होती. बऱ्याच मुलांना तर गुंगीचं औषध देऊनच आत घ्यावं लागतं हेही त्यांना तिथे कळलं. मग मशीनच्या आतलं काही न बदलता त्यांनी खोली आणि मशीन रंगवून चाच्यांचं जहाज केलं, स्टाफला गोष्टी सांगायला शिकवलं, आणि गुंगी द्यावी लागणारी मुलं कमी झाली. गुंगी नाही म्हणजे भूलतज्ज्ञ मोकळा आणि त्याच दिवसात जास्त मुलं, हे गणित साहेबांनाही पटेल.

आणि वेळ नाही म्हणतात तर शनिवारी तुझा तूच जा. तुमचं अॅप वापरणाऱ्या एका माणसाच्या शेजारी बस, काही शिकवू नकोस, फक्त बोट बटणापर्यंत जाऊन किती वेळा मागे आलं ते मोज आणि त्याने परवानगी दिली तर बोटाचा व्हिडिओ घे. सोमवारी मीटिंगमधे स्लाइड वगैरे काही नको, ती चाळीस सेकंदं आवाज बंद करून लाव.